सेंट थॉमसचं सीसीएचए सोडून एनसीएचसीत जाणं: फायद्याचं की अंगाशी येणारं?

निळी_रेषा

सेंट थॉमसचा पुरुषांचा आइस हॉकी संघ २०२६-२७च्या हंगामापासून सीसीएचए सोडून एनसीएचसीत जातोय, दहावा सदस्य म्हणून. (दोन्ही अमेरिकी कॉलेज हॉकीतल्या ‘कॉन्फरन्स’, म्हणजे आपापसात साखळी खेळणाऱ्या संघांचे गट.) निर्णय झालेला आहे, त्यामुळे ‘जावं की नाही’ हा प्रश्न तसा उरलेला नाही. पण ही उडी योग्य वेळी मारली का, आणि ती जमायची असेल तर पहिल्या तीन वर्षांत नेमकं काय करावं लागेल, हे जाणकारांकडून समजून घ्यायचंय.

पार्श्वभूमी थोडक्यात. सेंट पॉलचं हे कॉलेज २०२१पर्यंत डिव्हिजन तीनमध्ये होतं. बाकीच्यांपेक्षा फार वरचढ होतंय म्हणून त्यांच्या तिथल्या कॉन्फरन्सने, एमआयएसीने, त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला आणि ते थेट डिव्हिजन एकमध्ये आले. सीसीएचएच्या पहिल्या हंगामात, २०२१-२२मध्ये, अख्ख्या वर्षात फक्त ३ विजय. तिथून २०२५च्या मार्चमध्ये मेसन कपच्या (सीसीएचएच्या विजेतेपदाच्या) अंतिम सामन्यापर्यंत मजल, तिथे मिनेसोटा स्टेटकडून हार. म्हणजे चार वर्षांत तळातून वर, आणि वर पोचतात न पोचतात तोच पुढच्या जिन्याला हात.

मला दोन बाजू दिसतात. एनसीएचसी सुरू झाली २०१३-१४मध्ये. २०१६ ते २०२५ या काळात झालेल्या ९ राष्ट्रीय स्पर्धांपैकी ७ तिच्याच संघांनी जिंकल्या (२०२०ची स्पर्धा झालीच नाही). त्या टेबलावर खुर्ची मिळत असेल तर कोण नको म्हणेल? दुसरीकडे, सीसीएचएत राहून दर दोन-तीन वर्षांनी कॉन्फरन्सचा कप जिंकून थेट प्रवेश मिळवणं सोपं नव्हतं का? आणि तिसरी गोष्ट, एनसीएचसीतल्या मायामीचं (ओहायोतलं) काय झालं ते सगळ्यांसमोर आहे.

गुणतक्ता

थेट प्रवेशाचं गणित लोक अर्धंच मांडतात, म्हणून तिथूनच सुरू करतो.

राष्ट्रीय स्पर्धेत १६ संघ. सहा कॉन्फरन्सचे सहा विजेते थेट आत, उरलेल्या १० जागा क्रमवारीने. २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी सीसीएचएतून एकच संघ गेला: आधी मिशिगन टेक, मग मिनेसोटा स्टेट. म्हणजे मार्चमधला एक सामना हुकला की हंगाम संपला. एनसीएचसीतून २०२४मध्ये चार गेले. २०२५मध्ये दोनच, पण ते दोघेही फ्रोझन फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, पोचले आणि त्यातला वेस्टर्न मिशिगन विजेता ठरला.

आता क्रमवारी कशी बनते ते बघा. २०२५-२६पासून पेअरवाइज या जुन्या क्रमवारीच्या जागी एनपीआय हा नवा निर्देशांक आला, पण मुळातलं तत्त्व तेच: जिंकलात किती याला थोडं वजन, कोणाशी खेळलात याला खूप जास्त. बाहेरच्या मैदानावरचा विजय घरच्या विजयापेक्षा मोलाचा. ओव्हरटाइममधला विजय पूर्ण विजय धरत नाहीत, आणि शूटआउटचा निकाल बरोबरी म्हणूनच मोजतात, कॉन्फरन्सच्या तक्त्यात त्याचा जादा गुण मिळाला तरी.

यातली मेख अशी की कॉन्फरन्स हे बंद डबकं आहे. दहा संघ, प्रत्येकाचे २४ सामने, एकूण १२० सामने. त्यात एकाचा विजय म्हणजे दुसऱ्याची हार, त्यामुळे सगळ्यांची मिळून सरासरी कायम निम्मीच. या डबक्यातलं पाणी किती उंचीवर आहे ते आतल्या सामन्यांतून ठरतच नाही. ते ठरतं ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या कॉन्फरन्सबाहेरच्या सामन्यांत. सीसीएचएचे संघ त्या दिवसांत बिग टेन आणि हॉकी ईस्ट या मोठ्या कॉन्फरन्सकडून हरले की जानेवारीपासून मँकेटोला (म्हणजे मिनेसोटा स्टेटला) हरवा नाहीतर बेमिजीला, तुमचा आकडा फारसा हलत नाही. एनसीएचसीत उलटं: फेब्रुवारीत डेन्व्हरकडे जाऊन दोनपैकी एक सामना काढला तरी तो आठवडा नफ्याचा.

म्हणून माझं मत: गेलं ते बरोबर केलं. पण ‘मोठ्या कॉन्फरन्समध्ये गेलो की जागा मिळते’ असं समजू नका. ॲरिझोना स्टेट २०२४-२५मध्ये एनसीएचसीत आलं, पहिल्याच वर्षी साखळीत दुसरं आलं, आणि तरीही १६मध्ये नव्हतं. कॉन्फरन्सबाहेरचे सुरुवातीचे पराभव शेवटपर्यंत मानेवर बसले. दुसरं येऊन बाहेर राहणं म्हणजे या सगळ्या गणिताचा धडा एका ओळीत.

चौथी_फळी

गणित मान्य. पण गणित खेळायला बर्फावर उतरत नाही.

मायामीचा उल्लेख झालाच आहे तर तो नीट करू. २००९ आणि २०१०, सलग दोन वर्षं फ्रोझन फोर. २०१३मध्ये एनसीएचसीचे संस्थापक सदस्य. २०१५मध्ये त्याच कॉन्फरन्सची स्पर्धाही जिंकली, आणि त्यानंतर २०२५पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेचं दार एकदाही उघडलं नाही. २०२४-२५मध्ये तर कॉन्फरन्समध्ये एकही सामना जिंकता आला नाही. कोलोरॅडो कॉलेजही संस्थापकांपैकीच, त्यांचा शेवटचा प्रवेश २०११चा. म्हणजे आठ संस्थापकांपैकी दोघांना या कॉन्फरन्सने दशकभर खाली दाबून ठेवलं. आणि गंमत म्हणजे मायामीला वर नेणारे आणि २०१९पर्यंत तिथेच असलेले प्रशिक्षक रिको ब्लासी यांनीच २०२१मध्ये सेंट थॉमसची सूत्रं हाती घेतली. या कॉन्फरन्सची धग त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार!

घसरगुंडी लागते कशी, ते महत्त्वाचं. सीसीएचएत दोन चांगल्या फळ्या (एकत्र उतरणारे तीन-तीन फॉरवर्ड) आणि एक भक्कम गोली असला की निम्मे सामने निघतात, कारण समोरच्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या फळीतून फार गोल येत नाहीत. एनसीएचसीत ती चैन नाही. नॉर्थ डकोटा किंवा डेन्व्हरची तिसरी फळी इतर ठिकाणी पहिली म्हणून खेळेल. घरच्या संघाला फळी शेवटी बदलता येते, त्यामुळे बाहेर खेळताना तुमची तिसरी बचाव जोडी हमखास त्यांच्या सगळ्यात धोकादायक फॉरवर्डसमोर अडकते. शुक्रवारी ती जोडी २० मिनिटं दमते, शनिवारी दुसऱ्या पिरियडमध्ये तिचे पाय संपतात. दुसऱ्या पिरियडमध्ये बाजू बदललेली असते, बचावपटूंना बदलीसाठी बेंच लांब पडतो, आणि पक बाहेर काढता आला नाही की तीच जोडी दीड-दीड मिनिट बर्फावर. गोल तिथेच खातात लोक.

आठवतंय ना २०२२चा अंतिम सामना? मिनेसोटा स्टेट, त्या वर्षी ३८ विजय, दोन पिरियड संपले तेव्हा १-०ने पुढे. तिसऱ्यात डेन्व्हरने पाच गोल केले. मँकेटोचा संघ कच्चा अजिबात नव्हता, पण खोली, म्हणजे शेवटच्या फळीपर्यंत तगडे खेळाडू, म्हणतात ती ही.

तेव्हा पैसा कुठे घालायचा हे विचाराल तर: पहिल्या फळीच्या स्टारवर नव्हे. पाचवा-सहावा बचावपटू, मध्यभागी खेळणारा तिसरा सेंटर, आणि दुसरा गोली. २४ कॉन्फरन्स सामने म्हणजे १२ वीकेंड, दोन्ही रात्री एकाच प्रतिस्पर्ध्याशी. एकाच गोलीला दोन्ही रात्री उभं करायचं ठरवलं तर फेब्रुवारीत त्याच्या मांड्या आणि कंबर बोलायला लागतात. दुसऱ्या गोलीला किमान ८-१० सामने देता येतील असा तो असायला हवा, नुसता बेंचवरचा नाही.

निळी_रेषा

@चौथी_फळी, पण आता रोस्टरच (संघातल्या खेळाडूंची यादी) २६चा झालाय ना? मग खोली आणायची कुठून?

चौथी_फळी

बरोबर पकडलंत, आणि हाच बदल सेंट थॉमसच्या पथ्यावर पडू शकतो. २०२४-२५पर्यंत नियम १८ पूर्ण स्कॉलरशिपचा होता, आणि त्या वाटून द्यायच्या. कोर्टातल्या समझोत्यानंतर, तो स्वीकारणाऱ्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा राहिली नाही. त्याऐवजी रोस्टर २६ जणांचा. पूर्वी मोठ्या संघांकडे २८-२९ जण असायचे, त्यातले तीन-चार चांगले खेळाडू नुसते वाट बघत बसलेले. तेच आता बाहेर पडतात आणि पोर्टलवर, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, येतात.

दुसरा बदल त्याहून मोठा. एनसीएएने (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) नोव्हेंबर २०२४मध्ये ठराव केला आणि १ ऑगस्ट २०२५पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर, म्हणजे सीएचएलमधल्या मुलांनाही कॉलेज हॉकी खुली झाली. खेळाडूंचा साठा एकदम वाढला, पण जागा तेवढ्याच. मिशिगन स्टेट, बोस्टन कॉलेज यांनी साठ्याचा वरचा थर उचलला की खालचा थर कुठे जातो? ज्याच्याकडे नवी रिंक आहे, मोठं शहर आहे आणि तगडं वेळापत्रक दाखवता येतं त्याच्याकडे. सेंट थॉमसकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या, तिसरी आता आली.

फक्त २६मध्ये चूक करायला जागा नाही. १४-१५ फॉरवर्ड, ८ बचावपटू, ३ गोली धरले की संपलं. दोन बचावपटू एकाच वेळी जायबंदी झाले तर जानेवारीत नवा आणणार कुठून? म्हणून निदान एक तरी असा खेळाडू हवा जो विंगवरही खेळतो आणि मागेही. असे खेळाडू कोणाच्या यादीत वर नसतात, आणि फेब्रुवारीत तेच हंगाम वाचवतात.

बस_की_विमान

प्रवासाबद्दल कोणीच बोलेना, म्हणून.

सीसीएचएत सेंट पॉलहून जवळजवळ सगळीकडे बस. मँकेटो साधारण ८० मैल, बेमिजी २२०च्या आसपास, सू फॉल्स २४०. पण मिशिगनच्या वरच्या टोकाला हॉटन ३५० मैलांच्या पुढे, आणि बिग रॅपिड्स किंवा बोलिंग ग्रीन म्हणजे रात्रभराचा प्रवास. एनसीएचसीत सेंट क्लाउड ७० मैल, डुलुथ १५०, ग्रँड फोर्क्स (नॉर्थ डकोटा) ३१५, ओमाहा ३८०. हे बसने. डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज (कोलोरॅडो कॉलेज) आणि टेंपी (ॲरिझोना स्टेट) विमानाशिवाय शक्यच नाही, ओहायोतलं ऑक्सफर्ड (मायामी) आणि कॅलमझूलाही (वेस्टर्न मिशिगन) बहुधा विमानच.

खर्च वाढणार हे उघड आहे, पण तो फक्त तिकिटांचा नाही. जवळपास तीस खेळाडू-प्रशिक्षकांबरोबर प्रत्येकाची एक मोठी बॅग, गोलींच्या दोन-तीन त्याहून मोठ्या, काठ्यांचे गठ्ठे, स्केटला धार लावायचं यंत्र आणि वैद्यकीय सामान. साध्या प्रवासी विमानात हे सगळं एकत्र येईलच याची खात्री नसते. बॅग मागे राहिली तर शुक्रवारी सकाळचा सराव गेला. म्हणून काही संघ सामान आदल्या दिवशी व्हॅनने पाठवतात. आणि कोलोरॅडोत उंचीचाही प्रश्न: कोलोरॅडो स्प्रिंग्ज ६,००० फुटांवर. पहिल्या रात्री खेळाडूंना धाप लागते. पाळी (एका वेळी बर्फावर राहायचा वेळ) ४५ सेकंदांवरून ३५वर आणणं हा एकच इलाज तिथे चालतो, भाषणं चालत नाहीत.

रिंकच्या बाबतीत मात्र सेंट थॉमसने घोडा गाडीच्या पुढेच बांधला. मेंडोटा हाइट्सची जुनी रिंक जेमतेम हजारभर लोकांची. ७.५ कोटी डॉलरच्या देणगीतून उभं राहायला लागलेलं अँडरसन अरीना २०२५च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं, हॉकीसाठी सुमारे ४,००० जागा. एनसीएचसीत हे मधल्या गटात बसतं: ग्रँड फोर्क्सचं राल्फ एंगलस्टॅड ११ हजारांच्या वर, ओमाहाचं बॅक्स्टर ७,९००च्या आसपास, ॲरिझोना स्टेटचं मलेट ५,०००, तर कोलोरॅडो कॉलेजचं रॉबसन साडेतीन हजारांच्या आत.

एक धोका आहे. नॉर्थ डकोटाचे पाठीराखे जातील तिथे स्टँड हिरवा करतात. ४,००० जागांच्या रिंकमध्ये सुटी तिकिटं खुली ठेवली तर निम्मं घर पाहुण्यांचं. त्या वीकेंडची तिकिटं फक्त हंगामी किंवा पाच-सहा सामन्यांच्या पॅकेजमध्येच विकायची, विद्यार्थ्यांचा गट गोलच्या मागे एकत्र बसवायचा. तिकीट खिडकीचा नफा थोडा कमी होईल, पण घरचं मैदान घरचं राहील.

निळी_रेषा

उपयोगी माहिती. @गुणतक्ता, मग कॉन्फरन्सबाहेरचे सामने ठरवायचे कसे? तुमच्या म्हणण्याप्रमाणे सगळा खेळ तिथेच आहे.

गुणतक्ता

सगळा नाही, पण निम्मा नक्की. नियमित हंगामात ३४ सामन्यांची मर्यादा. २४ कॉन्फरन्समध्ये गेले की १० उरतात. (दहा संघांत २४ सामने बसवायचे तर तीन प्रतिस्पर्ध्यांशी चार-चार आणि सहांशी दोन-दोन, असा हिशेब येतो. ते तीन कोण, यावरही बरंच अवलंबून. सेंट क्लाउड आणि डुलुथ त्यात आले तर प्रवास स्वस्त, पण सामने महाग.)

त्या दहांत नव्या संघांची नेहमीची चूक म्हणजे दोन्ही टोकं गाठणं: चार सामने देशातल्या सगळ्यात वरच्या संघांच्या घरी, आणि उरलेले अगदी तळाच्या संघांशी. पहिल्यात हार, आणि दुसऱ्यात जिंकून काही मिळत नाही. एनपीआयमध्ये जिंकूनही आकडा खाली येत असेल तर तो विजय हिशेबातून वगळतात, त्यामुळे तळाच्या संघाला हरवल्याचं नुकसान होत नाही. पण हरलात किंवा बरोबरी झाली तर तो डाग पुसला जात नाही. म्हणजे त्या सामन्यात मिळवायचं शून्य, गमवायचं बरंच.

त्याऐवजी मधले संघ धरावेत, साधारण १५ ते ३५ क्रमांकांतले. मँकेटो तर सोडूच नये. सीसीएचए सोडली म्हणून ८० मैलांवरचा प्रतिस्पर्धी का सोडायचा? एक सामना इथे, एक तिथे. बेमिजीशी तसंच. मिनेसोटा विद्यापीठ शेजारच्या मिनीआपोलिसमध्ये, त्यांच्या घरी वर्षाला एक तरी सामना, हरलो तरी फारसं जात नाही आणि जिंकलो तर वर्षभर पुरतं. झाले पाच. उरलेल्या पाचांत ईसीएसी किंवा हॉकी ईस्ट या पूर्वेकडच्या कॉन्फरन्सच्या मधल्या संघांशी दोन-दोन, आणि नाताळच्या सुट्टीत एक.

इथे वेळेचंही भान हवं. ईसीएसीमधले सहा आयव्ही संघ उशिरा सुरुवात करतात आणि नियमित हंगामात २९च सामने खेळतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते मिळतच नाहीत. क्लार्कसन, सेंट लॉरेन्स मिळू शकतात. शिवाय अलास्कात जाऊन खेळलेले सामने ३४च्या मर्यादेत धरत नाहीत. फेअरबँक्स किंवा अँकरेजला गेलात की दोन सामने जास्तीचे पदरात पडतात. नव्या खेळाडूंना एकत्र आणायला बरं, पण प्रवासाचा शीण पुढच्या आठवड्यात निघतो, तेव्हा लगेच पुढचा वीकेंड मोकळा ठेवायचा.

मँकेटोने २०२१-२२ची सुरुवात कशी केली ते बघा: गतविजेत्या मॅसॅच्युसेट्सच्या घरी जाऊन दोन्ही सामने काढले. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये असूनही त्यांना वर्षभर वरचा क्रमांक राखता आला तो त्यामुळे.

चौथी_फळी

@गुणतक्ता, याच उदाहरणाने तुमचा मूळ मुद्दा लंगडा होतो की! मँकेटोने सीसीएचएत राहूनच अंतिम सामना गाठला. मग जायची गरज काय होती?

गुणतक्ता

जमलं, मान्य. पण २०२३मध्ये काय झालं? त्यांचे प्रशिक्षक माइक हेस्टिंग्ज विस्कॉन्सिनला गेले, पाठोपाठ खेळाडूही. लहान कॉन्फरन्समध्ये उंच झालात की तुमचा प्रशिक्षक आणि तुमचे दोन चांगले खेळाडू दुसऱ्यांच्या यादीत असतात. मोठ्या कॉन्फरन्समध्येही लोक सोडून जातात, पण त्यांची जागा भरायला समोरून विचारणा होते.

आणि धीर हवा. क्विनिपिॲक २००५मध्ये अटलांटिक हॉकीतून ईसीएसीत गेलं, २००७मध्ये नवी रिंक, पहिला फ्रोझन फोर २०१३, राष्ट्रीय विजेतेपद २०२३. अठरा वर्षं, प्रशिक्षक एकच. कनेटिकट २०१४मध्ये हॉकी ईस्टमध्ये गेलं आणि राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा दिसलं २०२५मध्ये. सेंट थॉमसच्या कारभाऱ्यांनी पाचव्या वर्षी प्रशिक्षक बदलायचा विचार केला तर मात्र मायामीच समजा.

कप_आणि_कागद

उशिरा आलो. दोन गोष्टी राहिल्यात.

पहिली, महिला संघ. तो २०२१पासून डब्ल्यूसीएचएत खेळतो, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, ओहायो स्टेट यांच्यासमोर. ती कॉन्फरन्स महिलांमध्ये आधीच सर्वांत अवघड. एनसीएचसीत महिलांचा विभाग नाही, त्यामुळे तो संघ कुठेही हलत नाही. पण पुरुषांच्या संघासाठी विमानं, जादा स्कॉलरशिप, दुसरा व्हिडिओ प्रशिक्षक असं काही वाढवलं की टायटल नाइनप्रमाणे (शिक्षणसंस्थांतल्या स्त्री-पुरुष समानतेचा कायदा) महिला खेळाडूंच्या बाजूचा समतोलही दाखवावा लागतो. पुरुष हॉकीसाठी मांडलेला वाढीव खर्च प्रत्यक्षात तेवढ्यावर थांबत नाही. अंदाजपत्रकात ही ओळ पहिल्या दिवसापासून हवी. तिसऱ्या वर्षी ती सापडली की कात्री बहुधा टेनिस किंवा पोहण्याच्या संघावर चालते.

दुसरी, मागे राहिलेल्यांची. सेंट थॉमस गेल्यावर सीसीएचएत आठ संघ उरतात. थेट प्रवेशासाठी किमान सहा लागतात, म्हणजे हाताशी जादा फक्त दोन संघ. यातल्याच सात संघांनी २०१९मध्ये पुरुषांची डब्ल्यूसीएचए सोडायचं जाहीर केलं तेव्हा अलास्काचे दोघे आणि अलाबामा-हंट्सव्हिल उघड्यावर पडले होते. हंट्सव्हिलला कोणी घर दिलं नाही आणि २०२१मध्ये त्यांचा संघ थांबला. तेव्हा सेंट थॉमसला दोष देणाऱ्यांनी आधी तो इतिहास बघावा. आणि म्हणूनच वर म्हटलेले मँकेटो-बेमिजीचे सामने चालू ठेवणं हा नुसता शेजारधर्म नाही. त्या संघांची क्रमवारी जितकी वर, तितका त्यांच्याशी खेळण्याचा एनपीआयमध्ये फायदा.

निळी_रेषा

शेवटचा मुद्दा डोक्यात नव्हता. मग पुढचा प्रश्न असा: मँकेटो आता चार सामन्यांऐवजी दोनच द्यायला तयार होईल, का त्यांनाही त्या जागी एखादा बिग टेनचा संघ हवा असेल?

गुणतक्ता

त्यांनाही १०च्या आतच जागा आहेत. सीसीएचएत आठ संघ उरल्यावर कॉन्फरन्सचे सामने किती ठेवतात त्यावर ठरेल. २६ ठेवले तर बाहेरचे आठच उरतात, आणि मग सेंट थॉमसला दोन मिळाले तरी पुष्कळ. करार मात्र चार वर्षांचा करावा, घर-बाहेर आलटून पालटून. एकेका वर्षाचे करार पहिल्या खराब हंगामानंतर मोडतात.